टेपवाडी थांबा पुढे हलवला आहे

९ सप्टेंबर, मंगळवार

घाटातून परत. बूट गॅलरीत, अजून ओले.

ऑफिसची जीप मिळाली नाही. साठे सर: "जीप मीटिंगला गेली आहे. तुम्हाला काय अडचण? घाटात घरचीच गाडी धावते." बाबा स्वारगेटहून सकाळची एसटी घेऊन घाट उतरतात, हे ऑफिसात कळल्यापासून हा विनोद चालू आहे. हसले नाही. एसटीने गेले.

ड्यूटीवर बाबा मला ओळख दाखवत नाहीत. कंडक्टर मोहितेताई दाखवतात. "ड्रायव्हरची पोरगी असली तरी तिकीट काढावं लागतंय बरं का." काढलं. पुढची सीट, दारामागची.

वरच्या उतारावर आपली तीन यंत्रं आहेत, डोंगर किती सरकतो ते मोजणारी. तिन्ही ठीक. नोंद करण्यासारखं दुसरंच काही.

यंत्रांच्या अलीकडे, घाटाच्या मध्यावर एक वळण आहे. डावीकडे दरी, कठडा, खाली जुनी दगडी भिंत. दाट धुकं. बाबांनी तिथे गाडी थांबवली, अगदी कठड्याला लावून. मोहितेताईंनी दार उघडलं. बाहेर कोणी नाही. कोणी उतरलंही नाही. इंजिन चालू. मग गाडी डावीकडे थोडी खाली बसली. माणूस पायरीवर पाय देऊन चढला की बसते, तेवढी. मोहितेताईंनी डबल बेल दिली. गाडी निघाली.

कोणी मान वर केली नाही. माझ्या शेजारच्या बाईंनी मधल्या वाटेतली पिशवी उचलून मांडीवर घेतली.

घरी बाबांना विचारलं, तिथे का थांबता.
"थांबा आहे. टेपवाडी."
"टेपवाडी दरडीत गेली, बाबा."
"थांबा रद्द झाल्याचं पत्र आलं नाही."


१० सप्टें., बुध.

ते खाली बसणं डोक्यातून जात नाही. लिहून काढते म्हणजे जाईल.

गाडीतला भार बदलला नाही. मग डावी बाजू खाली का जावी? एकच कारण: चाकाखालची साइडपट्टी दबते आहे. म्हणजे भिंतीमागचा भराव पावसाने पोकळ होत चालला आहे. म्हणजे रोज सकाळी बाबा भरलेली गाडी पोकळीवर उभी करतात, आणि बाहेर नसलेल्या माणसांसाठी दार उघडतात.

सरांना सांगितलं. "ते वळण आपल्या कामात येतं का?"
"नाही."
"मग आपण काय, सगळ्या महाराष्ट्राचे डोंगर धरून ठेवायचे?"
थोड्या वेळाने माझ्या टेबलावर स्टोअरमधलं एक जुनं भेगमापक ठेवून गेले.


१२ सप्टें., शुक्र.

त्या वळणावर उतरले. सोपं नव्हतं. मोहितेताई दारात आडव्या. "इथं चढतात. उतरत नाय कुणी."
"मला उतरायचंय. काम आहे."
"सरकारी?"
"नाही."
"मग तुझ्या बापाला विचार."
बाबांनी समोर बघत मान हलवली. मी उतरले. गाडी खाली बसली की नाही ते बघायचं राहिलं. मीच उतरत होते, त्यामुळे बघून उपयोगही नव्हता.

साइडपट्टी आणि कठडा यांच्यामध्ये भेग आहे. सलग, पेन्सिल आत जाईल एवढी. भिंतीतली पाणी जायची भोकं मातीने बुजलेली. माझा अंदाज बरोबर निघाला, पण त्याचा आनंद होण्यासारखं त्यात काही नाही.

मापक भेगेवर बसवलं. भेग रुंदावली की आकडा वाढतो. सिमकार्ड आहे, वाचन थेट लॅपटॉपवर येतं.

मग परतीच्या गाडीची वाट बघत बसले. धुकं उठल्यावर खाली दरी दिसली. वाडीचं काहीच उरलेलं नाही, गवताने सगळं झाकलं आहे. सिमेंटच्या टाकीचा एक कोपरा तेवढा वर. तिथून वळणापर्यंत एक पायवाट चढून येते. पावसाळा संपत आला आहे, सगळीकडे कमरेएवढं गवत. पायवाटेवर नाही. पाणी वाहून मोकळी राहिली असेल. किंवा गुरं. गुरं कुठे दिसली नाहीत.

एरवी परतीला गाडी त्या वळणावर थांबत नाही, आज मी हात दाखवला म्हणून थांबली. मोहितेताईंना विचारलं, जाताना चढतात, तर परत कसे येतात?
"मला काय माहीत? रिटर्न तिकीट कुणी मागितलं नाय आजवर."
हसल्या नाहीत. हात पुढे करून माझे सुटे तेवढे दिले.


१४ सप्टें., रवि.

बाबांना सुट्टी. आई मेथी निवडत होती. मी परत विषय काढला, या वेळी सरळ: तिथे गाडी उभी करणं धोक्याचं आहे.

बाबा ऐकून घेतात. मध्ये बोलत नाहीत. मग त्यांनी सांगितलं. मला यातलं अर्धंच माहीत होतं.

दरड सकाळी आली, गाडी घाटात पोचायच्या आधी. पुढे कितीतरी महिने रस्ता बंद. उघडला त्या दिवशी पहिली गाडी बाबांचीच. "सवयीने ब्रेक लागला. वळणावर रोज सातआठ माणसं असायची. भाजीच्या पाट्या घेऊन, तालुक्याला जाणारी. थांबलो, मग लक्षात आलं. निघणार, तेवढ्यात कोणीतरी चढलं."
"कोण?"
"बघितलं नाही. गाडीला कळतं."
तेव्हापासून थांबतात. या फेरीवरचे बाकीचे ड्रायव्हरही थांबतात. कोणी कोणाला सांगितलं नाही.

"ती माणसं नाहीत, बाबा."
"नाहीत हे मला कळतं गं. तेराव्याला जेवून आलोय मी."
आई: "दोघांनी घाट घाटात ठेवा. मेथीत माती आणू नका."


१६ सप्टें., मंगळ.

चार दिवसांचा आलेख. आधी साधं ते.

गाडी उभी राहिली की भेग रुंदावते. गाडी गेली की मिटते, पण पूर्ण नाही. दर दिवशी थोडी उघडीच राहते. म्हणजे भिंत बाहेर झुकते आहे आणि परत येत नाही. हे असंच चालू राहिलं तर एक दिवस ती गाडीसकट जाईल. कधी ते सांगता येणार नाही. या पावसाळ्यात गेली नाही हे नशीब, असं मी रिपोर्टात लिहू शकत नाही.

आता दुसरं. गाडी येण्याआधीच भेग थोडी उघडते. रोज. हळूहळू, पायरी पायरीने, एकदम नाही. जणू काठावर थोडं थोडं वजन जमत जातं. गाडी निघून गेली की तेवढं वजन नाहीसं होतं.

ऊन असणार. सकाळी दगड तापतो, प्रसरण पावतो.

चारपैकी तीन दिवस धुकं होतं.


१७ सप्टें., बुध.

बाबांची गाडी आज वाटेत पंक्चर झाली. स्टेपनीतही हवा नव्हती. घाटात पोचायला दुपार झाली.

आलेखात भेग नेहमीसारखी सकाळी उघडली आणि तशीच राहिली. दुपारपर्यंत. गाडी आली, गेली, मगच मिटली.

ऊन घड्याळावर चालतं. पंक्चरवर नाही.

हे वाक्य खोडणार होते. राहू दे.


१८ सप्टें., गुरु.

सरांना दाखवलं. फक्त मिटत नाही ती भेग दाखवायची ठरवलं होतं. त्यांनी स्वतःच बोट ठेवलं. "हे आधीचं काय?"
"तापमान असावं."
"धुक्यात?"
"हो."
"मग धुक्याचं तापमान म्हणा." चष्मा पुसला. "ते सोडा. भिंतीचं गंभीर आहे."
रस्त्याचं काम बघणाऱ्यांना त्यांनी माझ्यासमोर पत्र लिहिलं: वळणावर जड वाहन उभं करू नये, भिंत तातडीने तपासावी. संध्याकाळी फोन आला की पाहणी पुढच्या महिन्यात होईल. तोवर गाड्या चालू राहतील, डोंगराकडच्या बाजूने जाव्यात.

जाऊ देत. जाण्याची भीती नाही. चालती गाडी तिथे दोन क्षण असते, तीही डोंगराच्या बाजूने. भीती उभं राहण्याची आहे.


२० सप्टें., शनि.

बाबांना आलेख दाखवला, मिटत नाही तेवढाच. मोबाईल लांब धरून बघितला.

"कधी जाईल?"
"सांगता येत नाही."
"मग तू मोजलंस काय?"
"जाईल एवढं मोजलं."

हे त्यांना पटलं. बाबांचं असं आहे, भांडण आवाजावर नसतं, माहितीवर असतं. म्हणाले, "तुझं बरोबर असणार. गाडीत चाळीस माणसं असतात. मी नाही थांबत तिथे." मग म्हणाले, "पण मग त्यांचं काय?"

मी तेराव्याचं काढलं नाही. तेवढी अक्कल आली आहे. वळणाच्या पुढे रस्ता कातळातून जातो, दोन्ही बाजूंना काळा दगड, रस्ताही रुंद. मापक बसवलं त्या शुक्रवारी, परतीची गाडी यायच्या आधी, तिथपर्यंत चालत गेले होते, हातोडीने वाजवून बघितला होता. खणखणीत. म्हटलं, थांबायचंच असेल तर तिथे थांबा. खाली पोकळी नाही.

बाबांनी विचार केला. खरोखरचा विचार, गिअर बदलताना करतात तसा.
"त्यांना कसं कळणार?"
इंजिनीयर झाल्यापासून पहिल्यांदा प्रश्न कळला आणि त्याला एकक नव्हतं.

आई स्वयंपाकघरातून: "पाटी लावा."


२१ सप्टें., रवि.

सर्वपित्री. आईने पान वाढून गच्चीवर ठेवलं. बाबांनी दुसरं मागितलं. आईने कोणासाठी ते विचारलं नाही. वडे जास्तच केले होते तिने.

दुपारी गच्चीवरच पाटी रंगवली. ऑफिसमधला उरलेला पत्रा, पांढरा बेस, निळी अक्षरं. मी लिहिलेला मजकूर: "टेपवाडी थांबा पुढे कातळाजवळ हलवला आहे. कृपया तेथे उभे राहावे."
बाबांनी वाचलं. "कृपया काढ. घरची माणसं आहेत."
काढलं.
"उभे राहावे पण नको. ऑर्डर दिल्यासारखं वाटतं."
तेही काढलं. उरलं: टेपवाडी थांबा पुढे हलवला आहे.
"वाचता किती जणांना येत होतं?" हे बाबा स्वतःलाच विचारत होते. मग म्हणाले, बाण काढ. आणि गाडीचं चित्र. मी गाडी काढली. लाल. चाकं थोडी वाकडी आली. बाबा म्हणाले, ओळखतील.

खालच्या मजल्यावरच्या काकू कपडे काढायला आल्या. "नवीन काम मिळालं का गं?"
"हो."
कोणाकडून ते नाही सांगितलं.


२३ सप्टें., मंगळ.

पहाटेच निघाले, बाबांच्या गाडीआधी पाटी लावली. कठड्यावर नाही, समोर डोंगराच्या बाजूला, खडकात दोन बोल्ट मारून. ड्रिलच्या आवाजात बरं वाटलं.

मी वरच्या यंत्रांची वाचनं घेतली आणि गाडीची वाट बघत कातळाजवळ उभी राहिले. बाबा वळणावर थांबले नाहीत. वेग कमी झाला, इंजिनाचा आवाज पडला, परत उठला. मग पुढे येऊन कातळाजवळ उभी केली. मी चढले. माझ्या वजनाने बसली तेवढी बसली, मी लक्ष ठेवून होते. मग काही नाही. दार उघडं. मागून एकजण, "झोपला का काय ड्रायव्हर?" त्याच्या शेजारच्याने त्याला कोपर मारलं. नवीन असणार.

मोहितेताई दारातून मागे, वळणाकडे बघत. "चालत यायला वेळ लागंल."
आम्ही थांबलो. मागे एक टेम्पो येऊन हॉर्न देऊ लागला. मोहितेताईंनी बेल दिली, पण एकदम नाही, एक आणि मग बऱ्याच वेळाने दुसरी.

घरी बाबा जेवताना: "कोणी चढलं नाही."
"पहिला दिवस आहे." हे मी बोलले. मी.
"शुक्रवारपर्यंत बघतो. नाही आले तर जुन्या जागी. पत्र आल्यावर बघू काय ते."
मी आकडे परत सांगितले. म्हणाले, आकडे कळले. त्यांना तिथे रोज उभं ठेवून मी समोरून गाडी काढू शकत नाही.


२४ सप्टें., बुध.

वळणावरचा आलेख. सकाळी भेग उघडली, नेहमीसारखी. गाडी समोरून निघून गेली. भेग उघडीच. अंधार पडेपर्यंत. मग हळूहळू, पायरी पायरीने मिटली.

बाबांना सांगितलं नाही.


२५ सप्टें., गुरु.

कालच्यासारखंच. अंधार पडेपर्यंत.

आज दिवसभर काम झालं नाही. सर म्हणाले, "पगार अर्ध्या दिवसाचा लावू का?" मग त्यांनीच चहा मागवला.

शुक्रवारी गाडी कातळावर खाली बसली नाही तर शनिवारपासून बाबा परत काठावर. भिंतीला आता किती दिवस आहेत ते मला माहीत नाही, पण फार नाहीत. एवढं एकच खरं आहे, बाकी सगळं बाजूला ठेवायला हवं.

गाडीला खाली बसायला किती लागतं? माणूस लागतो. माझं वजन पुरेल. आधी काहीतरी निमित्त काढून उतरायचं, मोहितेताईंचं लक्ष नसताना बाहेरच्या बाजूने पायरीवर पाय टाकायचा. बाबा आरशात वळणाकडे बघत असतात, पायरीकडे नाही.

खोटं वाचन बनवणं म्हणतात याला. पहिल्या नोकरीत एकाला यासाठी काढलेलं बघितलं आहे, आणि योग्यच काढलं होतं असं तेव्हा सगळ्यांना सांगत फिरले होते.

उद्या सुट्टी टाकली आहे. कारण: वैयक्तिक.


२६ सप्टें., शुक्र.

घरी येऊन लगेच लिहिते आहे. उद्या यातलं काही बदलू नये म्हणून.

स्वारगेटला गाडी भरलेली. नवरात्र, गावी जाणारी गर्दी. मोहितेताईंनी मला बघितलं. "आज यंत्रं नाय दिसत हातात?"
"आज नाही."
"बरंय." एवढंच.

घाटात धुकं नव्हतं. वळणावरून पुढे गेलो. बाबांनी पाटीकडे बघितलं, मीही. कठड्याकडे दोघांनीही नाही. कातळाजवळ गाडी उभी. दार उघडलं.

थांबलो. काही नाही. बाबांचा हात गिअरवर. मी त्यांचा हात ओळखते. अजून थोडा वेळ आणि तो हलला असता, आणि उद्यापासून ते परत काठावर.

मी उठले. मोहितेताईंना म्हटलं, चक्कर येते, हवा घेते. त्या बाजूला झाल्या. उतरले. माझं वजन कमी झालं तशी गाडी थोडी वर आली. हे बरोबर आहे, तसंच व्हायला हवं. रस्त्यावर दोन पाय ठेवून उभी राहिले, दाराचा दांडा उजव्या हातात. इंजिन धडधडत होतं, पण थरथर वेगळी आणि खाली बसणं वेगळं, मला फरक कळतो.

पाय उचलायचा होता. उचलला नव्हता.

दांड्याने हात खाली ओढला. पायरी खाली आली. बोटभर नाही, त्याहून कमी. परत वर आली नाही. मग पुन्हा. मग पुन्हा, थोडं जास्त, भाजीची पाटी घेतलेलं माणूस चढावं तसं. मी पायांकडे बघितलं. दोन्ही डांबरावर होते. गाडीखालच्या स्प्रिंगचे लोखंडी पाटे अडकून उशिरा सुटतात, तसं होऊ शकतं. पण सुटले तर मी उतरल्यावर गाडी वर जाईल. खाली नाही.

मोहितेताईंनी दारातल्या पॅसेंजरला मागे सरकवलं. "जागा द्या, आत व्हा की." आणि डबल बेल. बाबांनी गाडी सोडली.

"बाबा!" मी ओरडले. ड्यूटीवर पहिल्यांदा.
मोहितेताई: "अगं बया, तू खालीच का? चढ की! चक्कर आल्ती ना तुला?"

पळत चढले. माझी सीट रिकामी होती. तालुक्यापर्यंत उभीच राहिले.

बाबा घाट संपल्यावर शिट्टी वाजवत होते. आई सांगते लग्नाआधी वाजवायचे.


२७ सप्टें., शनि.

बाबा सकाळीच गेले. दारात म्हणाले, "तुझी जागा बरोबर निघाली. आता तिथेच थांबणार. बाकीच्या ड्रायव्हरनाही सांगून टाकतो."

म्हणजे मला हवं होतं ते झालं. गाडी काठावर उभी राहणार नाही. न बनवता झालं.

चहा गार झाल्यावर लक्षात आलं मी काय केलं आहे.

पहिल्या दिवशी गाडी खाली बसली तेव्हा मी एका क्षणात ठरवलं होतं: भार बदलला नाही, तर जमीन दबते आहे. भेगमापकाने मला बरोबर ठरवलं. काल कातळावर गाडी खाली बसली. भार बदलला नाही. तोच नियम लावायचा, तर कातळाखालीही काहीतरी सरकतं आहे. आणि तो कातळ मी मोजलेला नाही. हातोडीने वाजवला होता. कोणत्याही ज्युनिअरने असं केलं असतं तर मी कागद त्याच्या तोंडावर टाकला असता.

आता रोज सकाळची भरलेली गाडी तिथे उभी राहणार. मी सांगितलं म्हणून. पाटीही माझ्याच अक्षरात.

बाबांना फोन केला. लागत नाही, ड्यूटीवर बंद ठेवतात. उचलला असता तरी काय सांगणार? थांबू नका म्हटलं तर ते वळणावर जातील. थांबा म्हटलं तर...

सरांना फोन केला. सोमवारी मापक कातळावर हलवते म्हटलं. "कातळावर? का?" सांगितलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. "जीप घेऊन जा," म्हणाले. जीप स्वतःहून कधी देत नाहीत.

वळणावरचा कालचा आलेख लॅपटॉपवर येऊन पडला आहे. अजून उघडलेला नाही. सकाळी उघडलेली भेग काल किती वाजता मिटली, तेवढंच बघायचं आहे. अंधार पडल्यावर मिटली असेल तर टेपवाडीचे ते अजून वळणावरच उभे आहेत आणि कातळावर जे हललं तो कातळच होता. गाडी कातळाजवळ उभी असतानाच मिटली असेल तर चढले ते तेच, आणि कातळ जागचा हललेला नाही.

आई विचारते नाश्ता करायचा का. गाडी आता घाटात असेल, मध्याच्या आसपास. बाबा वेग कमी करत असतील.

चढणारे तेच असावेत. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटतं आहे, ते असावेत.